नापासाला एका विषयाचा पेपर देता येतो, मग पुढं असलेल्याला का नाही?

दरवर्षी एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, रिझल्ट लागला की आपल्याकडं आठ दिवस एकच विषय, जिल्हा कितव्या नंबरला गेला. त्यात आपला जिल्हा एक पण शिक्षण खात्याच्या हिशोबात दोन, बेळगाव आणि चिक्कोडी, त्यामुळं चिक्कोडीवाले वर की बेळगाववाले वर हे पण एक असतंय. मग गेटवर १०० टक्के निकालाचे बॅनर, डीडीपीआय म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षण अधिकाऱ्यांच्या ऑफिसात मीटिंगा, कमी निकालवाल्या हेडमास्तरांना नोटिसा. यात सगळ्यात जास्त बोललं जातं ते नापास पोरांवर आणि ते बोललंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण त्याच वर्गात एखाद दुसरं पोरगं असं असतंय की ज्याला नववीतच दहावीचं गणित येतंय, त्याचं काय करायचं यावर मी तरी कुठल्या मीटिंगमध्ये चर्चा ऐकलेली नाही. मी मराठी मिडियमच्या पोरांना गणित शिकवतो, त्यामुळं माझा कल तिकडं आहे हे आधीच सांगून टाकतो.

आधी या टक्क्यांचं बघू. कर्नाटकात २०२३ ला एसएसएलसीचा निकाल होता ८३.८९ टक्के. २०२४ ला परीक्षेच्या हॉलमध्ये कॅमेरे लावून वेबकास्टिंग केलं, कॉपी थांबली, आणि निकाल आला ७३.४० वर, आणि तो पण ग्रेस मार्क १० टक्क्यांचे २० टक्के केल्यावर! त्यावर मोठा गोंधळ झाला, मुख्यमंत्र्यांनीच ग्रेस कशाला म्हणून विचारलं, मग २०२५ ला ग्रेस काढला तर पहिल्या परीक्षेत रेग्युलर पोरांचा निकाल ६६.१४. म्हणजे दोन वर्षांत जवळजवळ अठरा टक्के खाली. आता या दोन वर्षांत पोरं एवढी ढ झाली का? नाही ओ. पोरं तीच, मास्तर तेच, पुस्तकं तीच, नियम बदलला. आणि मग लगेच २०२५-२६ पासून पासिंग ३५ वरून ३३ टक्क्यावर आणलं, ६२५ पैकी २०६. आता निकाल वर जाईल आणि सगळे म्हणतील सुधारणा झाली.

हे काय कर्नाटकापुरतंच आहे असं नाही, पलीकडं महाराष्ट्रात पण हेच झालेलं आहे. तिथं दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१, २०१९ ला भाषांचे अंतर्गत २० मार्क काढून टाकले तर डायरेक्ट ७७.१०, पालक ओरडले, मार्क परत आणले, २०२० ला ९५.३०. त्या २०१९ च्या बॅचच्या पोरांनी काय पाप केलं होतं कुणास ठाऊक, अकरावीच्या ऍडमिशनला सीबीएसईवाल्यांच्या मागं रांगेत उभं राहावं लागलं त्यांना.

हे सगळे नियम बदलतात ते खालच्या टोकाला, म्हणजे ३५ च्या आसपासच्या पोरांसाठी. वरच्या टोकाला काय होतंय ते पण बघा. ६२५ पैकी ६२५ घेणारी पोरं २०२२ ला १४५ होती, २०२३ ला ४, २०२४ ला फक्त १, ती बागलकोट जिल्ह्यातली मोरारजी देसाई रेसिडेन्शियल शाळेची पोरगी, आणि २०२५ ला २२. ज्या परीक्षेत एका वर्षी १४५ जण पैकीच्या पैकी घेतात त्या परीक्षेनं वरच्या पोरांमधला फरक दाखवायचं केव्हाच सोडून दिलंय. शंभरपैकी शंभर म्हणजे पोराला किती येतं ते कळलंच नाही, पेपर संपला एवढंच कळलं. त्या १४५ मध्ये एखादं असंही असेल की ज्याला पीयूचं, म्हणजे अकरावी-बारावीचं, कॅल्क्युलस येत होतं आणि एखादं असंही की ज्यानं गाईडमधले सगळे प्रश्न पाच पाच वेळा लिहून काढले होते. मार्कलिस्ट दोघांची सेम. ६२५ पैकी ५६३ च्या वर गेलं की ग्रेड पण एकच, ए प्लस. आणि शंभरातले अंतर्गत २० मार्क शाळेच्या हातात असतात, ते कसे दिले जातात हे आपण सगळे जाणतो, त्यावर उगाच जास्त लिहायला लावू नका.

मला या ग्रेस, ३३, ३५, अंतर्गत वगैरे वादात कुणाची बाजू घ्यायची नाही. माझं म्हणणं एवढंच की ही सगळी धडपड मार्क कसे मोजायचे याची आहे, पोरगं कुठपर्यंत आलंय आणि आता त्याला पुढं काय द्यायचं याची नाही. आठवी नववीत तर वर्षात चार एफए म्हणजे छोट्या चाचण्या, दोन एसए म्हणजे सत्राच्या परीक्षा, मास्तरांचा निम्मा वेळ रजिस्टर भरण्यात. एवढं मोजून शेवटी निर्णय काय होतो? कायच नाही. ए प्लसवालं पोरगं जूनमध्ये पुढच्या वर्गात आणि सी वालं पण त्याच वर्गात त्याच बेंचवर. सी वाल्यासाठी निदान रेमेडियल क्लास तरी असतो, कागदावर का असेना. ए प्लसवाल्याला मिळतं काय, तर वर्गाचा मॉनिटर कर, फळ्यावर सुविचार लिही, आणि मास्तर रजेवर असले की बाकीच्यांना गणित समजावून सांग.

जुन्या काळात डबल प्रमोशन म्हणून एक प्रकार होता, आमच्या आजोबांच्या पिढीत कुणी ना कुणी सांगणारं भेटायचं की मी तिसरीतून एकदम पाचवीत गेलो. मास्तरला वाटलं, हेडमास्तरला वाटलं, बसवलं पुढच्या वर्गात. आता वर्ग वयाला बांधलेला आहे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात शाळेबाहेर राहिलेलं पोरगं आलं तर त्याला वयाप्रमाणं वर्गात बसवा असं लिहिलंय, त्याच कायद्यानं आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवायचं नाही असं पण होतं (२०१९ ला त्यात बदल करून पाचवी आठवीचं राज्यांवर सोडलं), आणि पहिलीला सहा वर्षं पूर्ण पाहिजेत यावरनं आपल्याकडं किती पालकांनी किती धावपळ केली ते गेल्या दोन तीन वर्षांत बघितलंच, शेवटी २०२५-२६ पुरतं साडेपाचच्या आसपास सूट द्यावी लागली. यातलं बरंचसं गरीब पोरांच्या भल्यासाठीच आहे. आरटीईनं गळती कमी झाली, त्यात कुणी वाईट म्हणणार नाही. पण सगळ्या पोरांनी सगळ्या विषयांत एकाच वेगानं चालायचं हा जो हिशोब त्यात बसलाय तो बरोबर कसा?

आणि मजा म्हणजे पुढं पळवणं बंद झालेलंच नाही. ते फक्त शाळेतनं उठून क्लासमध्ये गेलं. बेळगावात टिळकवाडीत, हिंदवाडीत, शहापुरात एक चक्कर मारा, आठवीपासून फाउंडेशन, जेईई, नीट, इंटिग्रेटेड, बोर्डच बोर्ड. ज्याच्या बापाकडं फी भरायला पैसा आहे त्याचं पोरगं नववीत असताना अकरावीचं फिजिक्स करतंय, सरळ सरळ दोन वर्षं पुढं आहे, आणि याला कुणी नाव ठेवत नाही. पण कणकुंबी, जांबोटी बाजूच्या किंवा निपाणीकडच्या खेड्यातल्या सरकारी मराठी शाळेतल्या पोराला मी म्हटलं की याला नववीत दहावीचं गणित करू द्या तर लगेच सगळ्यांना त्याच्या बालपणाची काळजी वाटायला लागते. फीवाल्याचं बालपण बहुतेक वेगळ्या कापडाचं असावं.

माझ्याकडं एक पोरगी होती, खानापूर तालुक्यातली, नाव गाव सांगत नाही. नववीच्या दिवाळीत तिनं दहावीचं गणिताचं पुस्तक मोठ्या भावाकडनं घेतलं, सुट्टीत वर्गसमीकरणं आणि श्रेढी स्वतःच केली, मार्चपर्यंत त्रिकोणमितीसकट पुस्तक संपलं. मी जुने बोर्डाचे पेपर दिले, ८० पैकी सत्तरच्या वर आरामात. नंतर दहावीचं पूर्ण वर्ष ती त्याच गणिताच्या तासाला बसली. तिच्या शाळेतल्या सरांचा काय दोष नाही, वर्गात चाळीसभर पोरं, त्यातल्या पंधरांना अपूर्णांक येत नाहीत, सरांवर निकालाचा दट्ट्या, ते या पंधरांकडं बघणार की हिच्याकडं? शेवटी एसएसएलसीला गणितात छान मार्क पडले, पण कन्नड आणि इंग्लिशमध्ये बेताचे, एकूण टक्के ऐंशीच्या खाली, आणि शहरातल्या चांगल्या पीयू कॉलेजच्या सायन्सच्या लिस्टमध्ये नाव वर आलंच नाही.

आपल्या सीमाभागातल्या मराठी मिडियमच्या पोरांचं हेच आहे. सहा विषय, त्यात तीन भाषा. मराठी फर्स्ट लँग्वेज १२५ ची, बहुतेक ठिकाणी इंग्लिश सेकंड, कन्नड थर्ड. घरी मराठी, गावात मराठी, कन्नडचा सराव एसटी स्टँडवर आणि तलाठी ऑफिसात काय होईल तेवढाच. कन्नड शिकू नये असं मी म्हणत नाही, शिकलंच पाहिजे, इथंच राहायचंय. पण सगळे विषय एका गाठोड्यात बांधले की गणितात दोन वर्षं पुढं असलेलं पोरगं भाषेतल्या मार्कांपायी मधल्या गर्दीत जातंय आणि कुणाला ते दिसतच नाही. रामानुजनचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे तरी सांगतो, कुंभकोणमच्या कॉलेजात गणितावर स्कॉलरशिप मिळाली आणि बाकी विषयांत नापास झाला म्हणून ती गेली. शंभर वर्षं झाली, आपण ते शाळेत गोष्ट म्हणून सांगतो आणि मार्कलिस्ट अजून तशीच एकत्र बांधतो.

म्हणून अख्खा वर्ग उडवण्याच्या मी विरोधात आहे. डबल प्रमोशन परत आणा म्हणणाऱ्यांना मी विचारतो, गणितात हुशार पोराला कन्नडमध्ये पण एक वर्ष पुढं ढकलून काय साधणार? शिवाय पूर्ण वर्ग उडवला की पेपरवाले येतात, फोटो, सत्कार, आमदारांच्या हस्ते शाल. पाटण्याचा तथागत अवतार तुळसी आठवतो का, दहाव्या वर्षी बीएस्सी, बाराव्या वर्षी एमएस्सी, देशभर कौतुक, मग एकविसाव्या वर्षी बेंगळूरच्या आयआयएस्सीतनं पीएचडी, हे सगळं करताना त्या पोरावर पेपरवाल्यांनी आणि मोठ्या माणसांनी काय काय लादलं ते पण आपण बघितलं. आणि साधा व्यवहार बघायचा तर नीटला ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण लागतात. मेडिकलला जाणाऱ्या पोराला दोन वर्षं लवकर बारावी करून घरी बसायचंय का?

माझं मागणं लहान आहे. नापास झालेल्या पोराला आपल्याकडं काय सोय आहे बघा. सहा विषयांतल्या एकात राहिला तर फक्त त्या एका विषयाचा पेपर तो मे-जूनच्या दुसऱ्या परीक्षेत देतो, पास झालेले पाच विषय तसेच राहतात. २०२३-२४ पासून तर एका वर्षात तीन तीन परीक्षा घेतल्या, परीक्षा एक, दोन, तीन, आणि ज्यात जास्त मार्क ते धरायचे, पास झालेला पण मार्क वाढवायला परत बसू शकतो. म्हणजे विषय सुटा करायचा, वर्षात परत पेपर काढायचा, मार्क जपून ठेवायचे, हे सगळं बोर्डाला जमतंय. मग नववी संपलेल्या पोराला, ज्याच्या शाळेनं लिहून दिलंय की याला येतंय, त्याला त्याच मे-जूनच्या परीक्षेत एक गणिताचा पेपर देऊ द्यायला काय अडचण आहे? पेपर तोच, सेंटर तेच, सुपरवायझर तेच, वेबकॅमेरा पण तोच. पास झाला तर गणिताचे मार्क जमा, दहावीला बाकीचे पाच विषय. नापास झाला किंवा मार्क कमी पडले तर काय झालं, दहावीला सगळ्यांबरोबर देईल, जास्तीचे धरायचे.

असं कुठं चालतं का म्हणून विचारणाऱ्यांसाठी, आपल्याच देशात चालतं. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, तिथं दहावीला १४ वर्षं पूर्ण पाहिजेत एवढी अट आहे, एक एक विषय पास करत जायचं, पाच वर्षांत केव्हाही पूर्ण करा. सीबीएसईनं २०२० च्या दहावीपासून गणिताचे दोन पेपर केले, बेसिक आणि स्टँडर्ड, ज्याला जेवढं झेपतंय तेवढं. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात पण विषय दोन पातळ्यांवर ठेवायचं लिहिलंय. कर्नाटकानं ते धोरण नको म्हणून आपला वेगळा आयोग नेमला, सुखदेव थोरातांचा, त्याचा रिपोर्ट ऑगस्ट २०२५ मध्ये आला आणि सगळी चर्चा तीन भाषा की दोन भाषा यावरच अडकली, जे आपल्यासाठी महत्त्वाचं आहेच, पण एवढ्या जाड रिपोर्टवर दुसरं काय बोलायचंच नाही का.

बाहेरच्या देशात तर यावर पन्नास वर्षांपासून काम चालू आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीत ज्युलियन स्टॅन्ली म्हणून प्रोफेसर होते, त्यांनी १९७१ ला हे काम सुरू केलं आणि १९७२ ला बारा तेरा वर्षांच्या पोरांना कॉलेज प्रवेशाची परीक्षा द्यायला लावली, म्हणजे वर्गाच्या पेपरात सगळेच शंभर घेतात तिथं वरच्या पातळीचा पेपर दिला की खरा फरक दिसतो. त्या पोरांचा नंतर मोठे होईपर्यंत पाठपुरावा केला गेला आणि ज्यांना तयारी बघून पुढं जाऊ दिलं त्यांचं त्यामुळं काय वाकडं झालं असं दिसलं नाही. त्यांची युक्ती एवढी सोपी होती की आपल्या बीईओ म्हणजे तालुक्याच्या शिक्षण ऑफिसला पण जमेल. वरच्या वर्गाचा पेपर द्या आणि बघा.

आता गणितातनं सुटलेल्या या वर्षाचा फायदा काय, हा प्रश्न मला पालक विचारतात, लवकर पास होऊन करणार काय? सीमाभागातल्या पोरासाठी तर याचं उत्तर एकदम रोखठोक आहे. दहावीपर्यंत मराठीत सायन्स शिकायचं आणि जूनमध्ये पीयूला जाऊन एकदम सगळं इंग्लिशमध्ये. बेळगावातल्या कुठल्याही कॉलेजला जा, पहिल्या टर्मला मराठी मिडियमची हुशार पोरं गप्प बसलेली असतात आणि दिवाळीनंतर त्यातली काही आर्ट्स कॉमर्सला सरकतात. ज्या पोराचं गणित नववीतच झालंय त्याला दहावीत आठवड्याला पाच सहा तास मोकळे मिळतात. त्या तासांत त्याला पीयूचं गणित इंग्लिशमधनं सुरू करता येईल, सायन्सच्या इंग्लिश टर्म्स करता येतील, नाहीतर कन्नडचं व्याकरण जे कायम राहून जातंय ते करता येईल. त्या खानापूरच्या पोरीला तेवढे तास कन्नड आणि इंग्लिशला मिळाले असते तर तिची लिस्ट वेगळी लागली असती, हे मी पैजेवर सांगतो.

विरोध कुठनं येणार ते पण मला माहीत आहे. पहिला, पालक मागं लागतील, प्रत्येकाला वाटणार आपलंच पोरगं पुढं बसावं. लागू देत की. पेपर बोर्डाचा आहे, त्यात ऐंशीपैकी पंचाहत्तर पाडायचे तर हट्ट उपयोगाचा नाही, आणि अट ठेवा की नव्वद टक्क्यांच्या खाली आले तर दहावीला परत द्यायचाच. अंतर्गत २० मार्क मात्र या पोरांच्या बाबतीत धरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, नाहीतर शाळा त्यातच खेळ करतील. दुसरा विरोध, क्लासवाले यात पण घुसतील, नववीसाठी नवी बॅच काढतील. काढतीलच, ते कशात घुसत नाहीत. पण आज ती पळवापळवी फक्त त्यांच्याकडंच आहे, उद्या निदान सरकारी शाळेतल्या पोराला पण कागद मिळेल. तिसरा विरोध मला सगळ्यात खरा वाटतो. कितीतरी मराठी हायस्कूलमध्ये गणिताची जागाच रिकामी आहे, गेस्ट टीचर येतात ते शाळा सुरू होऊन महिना दोन महिने झाल्यावर. जिथं दहावीला शिकवायला माणूस नाही तिथं नववीच्या पोराला दहावीचं कोण शिकवणार? यावर माझ्याकडं जादू नाही. पण असं पुढं गेलेलं पोरगं बहुतेक वेळा स्वतःच पुस्तक घेऊन बसलेलं असतंय, त्याला शिकवण्यापेक्षा त्याला अडवू नये एवढीच गरज असते, आणि रिकाम्या जागा भरायची मागणी या मागणीमुळं कमी होत नाही, उलट जोडीनं करता येईल.

आणि आपली माणसं मागणी करण्यात काय कमी आहेत का. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या ऍडमिशनला सीमाभागातल्या मराठी पोरांसाठी टाईप ई म्हणून वेगळा प्रकार आहे, महाराष्ट्र ज्यांच्यावर दावा सांगतो त्या ८६५ गावांच्या मागणीमुळं तिथं नियमात वेगळी ओळ लिहिली गेली. मराठीत कागदपत्रं द्या म्हणून वर्षानुवर्षं निवेदनं दिली जातात, ती पण द्यायलाच पाहिजेत. पण त्या निवेदनांच्या गठ्ठ्यात शाळेत काय शिकवलं जातं, किती वेगानं शिकवलं जातं यावर एक कागद नसतो. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, मीटिंगा होतात, कंपाउंड, बाथरूम, मध्यान्ह आहार, स्नेहसंमेलन, झालं.

एसएसएलसीच्या गणिताचा पेपर आपल्याकडं मराठीतनं छापून येतोच. मे-जूनच्या परीक्षेला सेंटर असतातच. परीक्षेच्या अर्जात रेग्युलर, रिपीटर, प्रायव्हेट असे रकाने आहेत, त्यात नववी पूर्ण केलेला, एक विषय, असा एक रकाना वाढवायचा आणि त्याच्या खाली हेडमास्तरांची सही. पहिल्या वर्षी पाहिजे तर बेळगाव आणि चिक्कोडी या दोनच शैक्षणिक जिल्ह्यांत, फक्त गणितात, आणि तालुक्यामागं दहा पोरांपेक्षा जास्त नाही अशी अट घालून करून बघायचं.